डांबरी रस्त्याची भेग किती खोल? एका डिझर्टेशनचे अकरा महिने

गेली सात वर्षं मी पुण्यातल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. यूपीव्ही, म्हणजे अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, हे माझं रोजचंच. जुन्या सोसायट्यांचे कॉलम, पाण्याच्या टाक्या, पुलांचे खांब. एका अंगाला ध्वनिलहर सोडणारा प्रोब, दुसऱ्या अंगाला ती पकडणारा दुसरा, मधलं अंतर भागिले लहरीला लागलेला वेळ, की झाला वेग. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर गेला की काँक्रीट बरं, तीनच्या खाली आला की चेहरे पडतात. त्यामुळे पार्टटाइम एम.टेक.चा विषय निवडायची वेळ आली तेव्हा वाटलं, हेच यंत्र डांबरी रस्त्यावर ठेवू, भेगांची खोली मोजू, सहा महिन्यांत हातावेगळं करू.

अकरा महिने लागले. शोधनिबंध पुष्कळ मिळाले, पण जेल कुठली आणायची आणि अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा, हे त्यातल्या एकाही निबंधात नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

ऑगस्ट २०२४ मध्ये विषय घेऊन गाईड सरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "खोली कळून करणार काय?" मी तयारी करून गेले होते. आपल्या शहरी रस्त्यांवर सगळ्यात वरचा थर बहुतेक वेळा चाळीसेक मिलिमीटरचा बिटुमिनस काँक्रीटचा, म्हणजे डांबर-खडीच्या मिश्रणाचा असतो. भेग तेवढ्यातच थांबली असेल तर तो थर खरवडून नवा टाकला की काम भागतं. ती खालच्या थरातून वर आलेली असेल, तर वर कितीही नवं डांबर घाला, दोन पावसाळ्यांत तीच भेग पुन्हा त्याच जागी वर येते. वरून दोन्ही भेगा सारख्याच दिसतात. खात्री करायची तर कोअर, म्हणजे रस्त्याचा दंडगोल तुकडा कापून काढायचा, म्हणजे भोक पाडायचं. एफडब्ल्यूडीची चाचणी आहे, तिच्यात वजन आदळून रस्ता किती लवतो ते मोजतात. पण ती सगळ्या थरांची मिळून ताकद सांगते, या एका भेगेचं टोक कुठे आहे ते नाही सांगत. सर म्हणाले, "कर." मग पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जे येतंच ते आलं: जंगली महाराज रस्ता, १९७६ साल, दहा वर्षांची हमी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं तो कसा टिकला. अर्धा तास गेला. सिनॉप्सिसवर सही मिळाली.

सप्टेंबर लॅबमध्ये गेला. व्हीजी-३० डांबर आणि १९ मिलिमीटरची खडी घेऊन ५०० बाय ३०० बाय १०० मिलिमीटरच्या चार लाद्या केल्या. एकेक लादी पस्तीस किलोची. लॅबमध्ये नमुने ठोकायचा मार्शलचा हातोडा इथे कामाचा नाही, तो चार इंची मोल्डसाठी. मी एका दिवसासाठी प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणला. त्यात ठरावीक खोलीच्या खाचा कापल्या: दहा, वीस, तीस, चाळीस मिलिमीटर. एक सूचना, लादी पूर्ण गार झाल्याशिवाय डायमंड ब्लेड लावू नका. पहिलं ब्लेड डांबराने असं माखलं की ते फेकूनच द्यावं लागलं.

पद्धत कागदावर फार गोड आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटरवर प्रोब ठेवून एकदा वेळ घ्यायचा, मग १५० मिलिमीटरवर ठेवून दुसऱ्यांदा. भेगेत हवा असते, तिच्यातून लहर जात नाही. ती भेगेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे येते. दोन काटकोन त्रिकोण, पायथागोरस, मिळाली खोली. लहरीचा रस्त्यातला वेग माहीत नसला तरी चालतं, तो भागाकारात उडून जातो. समजा पहिला वेळ ५६.७ मायक्रोसेकंद आला आणि दुसरा १०३.५, तर खोली येते ४० मिलिमीटर.

आता यातली गंमत. तो पहिला आकडा एका मायक्रोसेकंदाने कमी वाचला गेला, तर खोली ४० ची ३५ होते. तीन मायक्रोसेकंदांनी चुकला तर २४. आणि प्रोबचा व्यास ५० मिलिमीटर. खडबडीत डांबरावर तो हाताने ठेवताना दोन्हीकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, म्हणजे तेवढ्यातच एक मायक्रोसेकंद गेला. मला हे कळायला तीन आठवडे लागले. तोवर मी यंत्रालाच शिव्या घालत होते. शेवटी सुताराकडून प्लायवूडची पट्टी करून घेतली, प्रोब बसतील अशी चार गोल भोकं, मध्ये भेगेवर धरायची रेघ. साडेतीनशे रुपये. माझ्या सगळ्या खर्चातला सगळ्यात वसूल झालेला खर्च.

दुसरी अडचण कपलंटची, म्हणजे प्रोबखाली लावायच्या लेपाची. प्रोब आणि पृष्ठभाग यांच्यात हवा राहिली की सिग्नल मेला. काँक्रीटवर आम्ही सरळ ग्रीस लावतो. डांबरावर ग्रीस नको वाटलं, पेट्रोलियमची वस्तू डांबरालाच मऊ करणार. मग मेडिकलमधून सोनोग्राफीची जेल आणली. पाच बाटल्या म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "मॅडम, दवाखाना काढलाय का?" जेल पातळ, खडीच्या फटींतून खाली उतरायची आणि दोन मिनिटांत प्रोब कोरडा. काँक्रीटच्या यूपीव्हीचा जो जुना संकेत, म्हणजे भारतीय मानक आहे, आयएस १३३११ भाग १, त्यात ग्रीस, व्हॅसलीन, साबण यांच्या बरोबरीने केओलिन आणि ग्लिसरीनच्या लगद्याचं नाव आहे. केओलिन म्हणजे मऊ पांढरी मातीच. गणपतीचे दिवस होते, कुंभारवाड्यातून शाडू आणली, ग्लिसरीन घालून श्रीखंडाइतकी घट्ट मळली. अप्रतिम चालली. खाचखळगे भरून निघतात, आणि काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसता येते. (हा संकेत आता आयएस ५१६ भाग ५ विभाग १ : २०१८ असा झाला आहे. रिपोर्टमध्ये जुना क्रमांक घातलात तर परीक्षक तिथेच पकडतात. मला पकडलं.)

आणखी एक, फ्रिक्वेन्सीचं. ५४ किलोहर्ट्झच्या प्रोबची लहर डांबरात साधारण ५५ मिलिमीटर लांबीची होते. दहा मिलिमीटरची खाच तिच्या खिजगणतीतही नाही. माझ्या दहाच्या लादीने कधी चार दाखवले, कधी वर्गमुळाखाली उणे संख्या. १५० किलोहर्ट्झ लावून पाहिलं, तर लहर वीस मिलिमीटरची, म्हणजे खडीएवढीच, आणि ती खडीवर आपटून विखरून जाते. मी ५४ वरच राहिले आणि पंधरा मिलिमीटरपेक्षा उथळ भेगांवर बोलायचं नाही असं ठरवलं.

आता परवानगीचं. ज्यांना फक्त तांत्रिक भाग हवा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण सोडू नका असं माझं म्हणणं आहे.

कोणता रस्ता, कोणतं कार्यालय, हे सांगत नाही; नाव जाहीर करायचं नाही अशी परवानगीपत्रातच अट आहे. १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, अर्ज टपालात दिला, पोच घेतली. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्यानंतर मी ज्या टेबलाशी जाई, तिथले साहेब इलेक्शन ड्युटीवर. मध्ये दिवाळी. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला, आणि २६ ला मी गेले तर माझा अर्ज सापडेना. पोचपावतीवरचा आवक क्रमांक होता म्हणून वाचले. तो दाखवल्यावर तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा दुसऱ्या विभागाला गेलाय. तुम्ही 'संशोधन' लिहिलंय ना, म्हणून." माझी चूक अशी की विषयात मोठ्या अक्षरांत शैक्षणिक संशोधन लिहिलं होतं आणि रस्त्याला नऊ भोकं पाडणार हे तिसऱ्या परिच्छेदात. नवा अर्ज केला. विषय : रस्त्यावर १०० मिमी व्यासाचे ९ कोअर घेऊन पूर्ववत करून देण्यास परवानगी मिळणेबाबत. तो बरोबर टेबलावर गेला. विषयात काय खोदणार ते लिहा, का खोदणार ते नंतर.

मग हमीपत्र. मी आपली शंभराचा स्टॅम्प पेपर मागायला गेले, तर आता पाचशेचाच लागतो म्हणाले. त्याच ऑक्टोबरमध्ये नियम बदलला होता. नोटरीचे दीडशे. हमीपत्रात एक वाक्य होतं की भविष्यात सदर ठिकाणी रस्ता खचल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची राहील. ते वाचून नवरा म्हणाला, "म्हणजे पुढे कुठलाही खड्डा पडला की तुझा?" मी सही करायला दोन दिवस घेतले. शेवटी बाईंनाच विचारलं. त्यांनी पेन घेऊन 'सदर ठिकाणी'च्या पुढे 'म्हणजेच कोअर घेतलेल्या जागी' असं लिहून दिलं आणि म्हणाल्या, "आधी विचारायचं ना." खरंच, विचारायचं.

अनामत भोकामागे दोन हजार, म्हणजे अठरा हजार, डीडीने. ट्रॅफिककडून वेगळं पत्र, फक्त रविवारी सकाळी सहा ते साडेआठ. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट यांच्या वाहिन्या खाली नाहीत हे दाखवणारा नकाशा. आमचा कोअर जेमतेम दहा सेंटिमीटर जाणार होता, पण तक्त्यात रकाना होता म्हणून भरावा लागला. ३ जानेवारी २०२५ ला पत्र हातात आलं. एक्याऐंशी दिवस. तेव्हा वैतागले होते. पण परवानगी ऑक्टोबरमध्येच, आणि हव्या त्या वेळेची मिळाली असती तर मी नोव्हेंबरच्या दुपारी मोजायला गेले असते आणि सगळे आकडे चुकले असते. ते पुढे येतं.

पहिला रविवार १२ जानेवारी. पहाटे साडेपाचला निघालो : मी, लॅबमधला एक ज्युनिअर, आणि झेंडे धरायला दोन जण, प्रत्येकी सातशे रुपये. (पुढच्या खेपांना घरून उकळलेलं पाणी न्यायला लागले, आम्ही सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात राहतो आणि त्याच महिन्यात आमच्याकडे, दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले होते.) रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, आठ कोन, ब्लोअर, शाडूचा डबा, प्लायवूडची पट्टी, आणि पृष्ठभागाचं तापमान घ्यायला इन्फ्रारेड थर्मामीटर. अंधारात हात गारठलेले, शाडू दगडासारखी झालेली. दोन्ही तळहातांत धरून मऊ करत बसलो. अडीच तासांत पाचच भेगा झाल्या. फिरायला निघालेल्या एक आजी थांबल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रस्त्याची सोनोग्राफी का? आत काय आहे ते सांगायला बंदी नाही ना?" त्यांच्या मागून एक काका आले. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, फक्त "बुजवणार कधी?" आम्ही तेव्हा भोक पाडलंसुद्धा नव्हतं.

१९ जानेवारीला हात बसला, तेरा भेगा. २ फेब्रुवारीला चौदा. एकूण बत्तीस. काम असं चाले : भेगेतली धूळ ब्लोअरने उडवायची, कारण घट्ट बसलेल्या धुळीतूनही लहर पलीकडे जाते आणि भेग आहे त्याहून उथळ दिसते. शेजारच्या धड भागावर शंभर, दीडशे, दोनशे असं अंतर वाढवत वेळ घ्यायचा आणि आलेखाचा उतार पाहायचा. रेघ सरळ आली तर पुढे जायचं, मध्येच मोडली तर त्या जागेत खाली काहीतरी वेगळं आहे म्हणून सोडून द्यायची. मग भेगेवर प्रत्येक अंतराला तीन-तीन वाचनं. सुरुवातीला आणि दर तासाला कॅलिब्रेशन बारवर, म्हणजे लहरीचा वेळ आधीच ठाऊक असलेल्या दांड्यावर, शून्य तपासायचं. आणि प्रत्येक ओळीपुढे तापमान. मी पहिल्या पाच भेगांचं तापमान लिहायला विसरले आणि ते पाचही बिंदू शेवटी आलेखातून काढावे लागले.

कोअरचा दिवस १६ फेब्रुवारी. कोअर कटरवाले मामा त्यांच्या माणसासह टेम्पोतून आले. कोअरमागे अठराशे, टेम्पोचे दोन हजार वेगळे. बिट, म्हणजे कापणारी नळी, बरोबर भेगेच्या मधोमध बसवायचं असतं. मामांनी तीस वर्षं हेच केलंय, त्यांना खडूची रेघसुद्धा लागली नाही. पहिला कोअर बाहेर आला, मी तो फडक्याने पुसला, पट्टी लावली : भेग ४५ मिलिमीटर. आमच्या वहीत ४१. मी काही न बोलता तो दोनदा पुन्हा मोजला.

नवांपैकी सहा कोअर सहा मिलिमीटरच्या आत जुळले. उरलेल्या तिघांनी मला जास्त शिकवलं. दोन ठिकाणी यंत्राने ३८ आणि ४४ सांगितलं होतं आणि भेग आरपार, पूर्ण नव्वद मिलिमीटर. कोअर आडवा धरून पाहिला तेव्हा कळलं : वर भेग उघडी होती, पण चाळीसच्या खाली तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या, खडीला खडी लागलेली. लहरीला पूल मिळाला, ती टोकापर्यंत गेलीच नाही. म्हणजे यंत्र खोटं बोललं नाही. भेग जिथपर्यंत उघडी आहे तिथपर्यंतचं सांगितलं. फक्त रस्त्याच्या दृष्टीने नेमकी तीच भेग सगळ्यात वाईट. नववा कोअर बिटमधून निघाला तोच दोन तुकड्यांत, वरचा थर खालच्याला चिकटलेलाच नव्हता. त्या जागेचा आलेख आधीच थोडा मोडलेला होता आणि मी तो 'चालेल' म्हणून घेतला होता.

भोकं भरायला कोल्ड मिक्सची, म्हणजे गरम न करता भरायच्या डांबर-खडीच्या मिश्रणाची, पंचवीस किलोची तीन पोती आणली होती. एकच पुरलं. हिशेब साधा होता, एका भोकात दीड-पावणेदोन किलो. घाईत तो केलाच नाही. भरताना दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर चांगला ठोका.

एप्रिलमध्ये तापमानाचा भाग राहिला होता. दुपारी रस्त्यावर परवानगी नव्हती म्हणून कॉलेजच्या आवारातल्या डांबरी रस्त्यावर केलं. १३ एप्रिल, सकाळी सव्वासहाला पृष्ठभाग २४ अंश, धड भागातला वेग २.९ किलोमीटर सेकंदाला. दुपारी दोनला तोच भाग ५७ अंश आणि वेग २.१. तोही मोठ्या मुश्किलीने, सिग्नल इतका क्षीण की पहिली लहर कुठे सुरू होते हे डोळ्यांनी ठरवावं लागलं. काँक्रीटला असलं काही होत नाही. डांबर तापलं की मऊ पडतं आणि लहर गिळून टाकतं. शिवाय फुगतं, त्यामुळे भेगेच्या भिंती जवळ येतात आणि खोली आणखी कमी दिसते. थंडीच्या पहाटे ती आकसून उघडी होते. म्हणून जानेवारी, म्हणून सकाळी सहा. काँक्रीटचे जुन्या संकेतातले 'चांगलं-मध्यम-शंकास्पद' हे वेगाचे गट तर डांबराला अजिबात लावू नका.

मे अखेरीस त्याच आवारात एक शेवटची फेरी घ्यायची होती. पण २०२५ साली मेमध्येच आभाळ फाटलं, आणि २६ मेला तर मान्सून पुण्यात येऊन थडकला. चिडचिड करत पावसाच्या उघडिपीत ओल्या भेगांवरच प्रोब ठेवले. एप्रिलच्या सकाळी ३० मिलिमीटर दाखवणारी भेग ११ दाखवायला लागली. तेव्हा सप्टेंबर आठवला : एकदा खाच कापल्यावर पाणी पुसायला विसरले होते आणि चाळीसची खाच जवळजवळ गायब झाली होती, ते मी 'चूक' म्हणून खोडलं होतं. पाण्यातून ही लहर आरामात जाते. खोडलेली ओळ वहीतून शोधून काढली आणि एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

२० जूनला प्रती बाइंडिंगला न्यायच्या होत्या, अप्पा बळवंत चौकात. त्या दिवशी दोन्ही पालख्या शहरात होत्या. रस्ते बंद. डेक्कनवर गाडी लावून चार प्रती काखेत घेऊन चालत गेले. बाइंडिंग मिळालं २४ ला, बत्तीसशे रुपये छपाईसकट.

११ जुलैला व्हायव्हा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संकेताच्या जुन्या क्रमांकावर पाच मिनिटं घेतली. मग विचारलं, "पावसाळ्यात ही पद्धत चालेल?" मी "नाही" म्हटलं आणि ते प्रकरण उघडून दिलं. ते थोडं वाचून म्हणाले, "आणि आरपार भेग?" मी म्हटलं, "तिथे कोअरच. पण सगळीकडे नाही काढावा लागणार. आधी यानं उथळ भेगा वेगळ्या काढता येतात." त्यांनी मान हलवली, पटलं की नाही ते कळलं नाही. पास झाले.

खर्च साधारण छत्तीस हजार झाला, अनामत सोडून. यंत्र लॅबचं होतं, रविवारी फुकट मिळालं. भाड्याने घ्यावं लागलं तर तो आकडा वेगळा धरा.

अनामतीचं अजून चालू आहे. अर्ज जुलैतच दिला होता, पण एक पावसाळा गेल्यानंतरचे नऊही जागांचे तारखेसह फोटो लागतात असं बाईंनी सांगितलं. ऑक्टोबरच्या एका रविवारी गेले. सात जागा ठीक होत्या. दोन बोटभर खचल्या होत्या. त्याच दोन, ज्या सगळ्यात शेवटी, साडेआठ वाजत आले म्हणून घाईत भरल्या होत्या. घरी न उघडलेली दोन पोती होतीच. पुढच्या रविवारी नवऱ्याला कोन धरायला उभं केलं आणि भरून आले, दोन थरांत. तेच काका पुन्हा भेटले.

"बुजवलंत का शेवटी?" म्हणाले.

फोटोंचे प्रिंट काढले आहेत. सोमवारी टपालात देणार, पोच घेणार.